विशारद झाल्यानंतरचा रियाज

प्रारंभिकपासून एकेक परीक्षा देत विशारदपर्यंत पोहोचलेल्या गायन-विद्यार्थ्याच्या वाटचालीत एक विचित्र टप्पा येतो. राग ओळखता येतात, बंदिशी पाठ असतात, गणेशोत्सवात गायल्यावर मंडळी कौतुक करतात, आणि नेमकी याच सुमारास प्रगती थांबते. कारण चूक दाखवणारे आता जवळ कोणी नसते आणि ती स्वतःला ऐकू येईल इतके आपण थांबत नाही. या टप्प्यावर नम्रता केवळ स्वभावावर सोडून चालत नाही, तिची रोजच्या रियाजातच सोय करून ठेवावी लागते.

पहिली सोय तंबोऱ्याची. पेटी (हार्मोनियम) बाजूला ठेवून पहिली पंधरा मिनिटे केवळ तंबोऱ्यावर मंद्र (खालच्या) आणि मध्य सप्तकातील एकेक स्वर लांबवावा. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराच्या, तारेतून गांधार (ग) आपसूक ऐकू येतो. हा स्वयंभू गांधार पेटीच्या गांधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. वर्षानुवर्षे पेटीबरोबर गायलेल्यांना हा फरक सुरुवातीला जाणवतच नाही, आणि ज्या दिवशी जाणवतो त्या दिवशी यमनमधला आपला गांधार आजवर कणसूर, म्हणजे किंचित बेसूर, लागत होता हे मान्य करावे लागते. तंबोऱ्यापुढे प्रमाणपत्र दाखवून उपयोग नसतो.

त्यानंतर आठवड्यातून एकदा वीस मिनिटांचे गाणे मोबाइलवर मुद्रित करावे, परंतु ते त्याच दिवशी ऐकू नये. गाऊन उठल्यावर जे गायचे होते तेच कानात घुमत असते. दोन दिवसांनी ऐकले की प्रत्यक्ष जे गायले गेले ते ऐकू येते. ऐकताना वहीत ‘वाईट झाले’ असे मोघम लिहू नये, तर ‘विलंबित एकतालाच्या तिसऱ्या आवर्तनात समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येताना घाई’, ‘तार षड्जावरून उतरताना निषाद चढा’ अशी नेमकी जागा नोंदवावी आणि पुढचा आठवडा अशा दोनच जागांना द्यावा. जमलेली जागाही तितक्याच नेमकेपणाने लिहावी. काही आठवड्यांनी बहुधा आपले गाणे बिघडत चालल्याचा भास होतो. प्रत्यक्षात गळ्याआधी कान तयार झालेला असतो. मात्र हे ठाऊक नसल्यामुळे याच काळात रियाज सोडून देण्याचा मोह होतो.

सर्वांत अवघड काम म्हणजे पुन्हा कोणासमोर तरी शिकायला बसणे. ख्यातनाम गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांनी नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेर गायकीची तालीम घेतली होती, त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या आणि नावही झाले होते. तरीही जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब यांचे पुत्र मंजी खाँ यांच्याकडे ते त्या घराण्याची गायकी शिकू लागले, आणि १९३७ मध्ये मंजी खाँ गेल्यावर त्यांचे बंधू भुर्जी खाँ यांच्याकडे त्यांनी पुढची तालीम घेतली. आपल्याला इतके सारे करण्याची गरज बहुधा पडणार नाही. महिन्यातून एकदा गुरुजींकडे जावे, नवी बंदिश न मागता जुनीच गाऊन दाखवावी आणि ‘कुठे खटकते?’ एवढेच विचारावे. लयीबद्दल तबल्याच्या साथीदाराला विचारावे; तो वयाने लहान असेल तर अवश्य विचारावे. उत्तर मिळाल्यावर आवाज बसल्याचे किंवा तंबोरा उतरल्याचे कारण पुढे करू नये.

खोट्या नम्रतेपासून मात्र जपावे. ‘आज घसा ठीक नाही, सांभाळून घ्या’ असे म्हणून गायला बसणारा आपल्या चुका आधीच घशावर ढकलून मोकळा होतो. गुरूंचे नाव घेताना कानाला हात लावण्याची आपली रीत सुंदर आहे, पण तोच कान स्वतःच्या मुद्रणाला लावणे बरेच कष्टाचे असते.

सहा महिन्यांनी पहिल्या मुद्रणातला राग पुन्हा ऐकावा आणि त्याच पट्टीत, त्याच लयीत तो नव्याने गाऊन मुद्रित करावा. मग वही उघडून जुन्या नोंदींपैकी कोणत्या खोडता येतात ते पाहावे. ज्या उरतील त्यांतूनच पुढच्या आठवड्याच्या दोन जागा निवडाव्यात.