१८७२ चा कप फायनल सांगलीच्या मैदानावर कसा खेळवावा

इंग्लंडमधल्या एफए कप या फुटबॉल स्पर्धेचा पहिला अंतिम सामना १६ मार्च १८७२ रोजी लंडनच्या केनिंग्टन ओव्हलवर झाला. वाँडरर्सने रॉयल इंजिनिअर्सला १-० असे हरवले. तोच सामना त्या काळच्या नियमांनी शाळा-कॉलेजच्या मुलांकडून खेळवून घेता येतो. त्या वर्षीच्या पंधरा संघांची अख्खी स्पर्धा भरवण्याच्या फंदात मात्र पडू नका. बाद पद्धतीने १४ सामने होतात आणि १६५ खेळाडू लागतात. सामना एकच घ्या, बाकीचे १३ संघ फलकांवर आणा.

सांगली-मिरजेत १६ मार्चलाच खेळायचे असेल तर सकाळी सातला सुरू करा. सामना पूर्ण ९० मिनिटांचा होता, आणि नऊनंतरचे ऊन मुलांना सोसत नाही.

गोलसाठी ११ फुटी चार वेळू आणा. दोन फूट जमिनीत गाडा. दोन वेळूंच्या आतल्या कडांमध्ये २४ फूट अंतर ठेवा आणि ८ फुटांवर खाटेची पांढरी नवार बांधा. आडवा दांडा लावू नका, त्या सामन्यात पट्टीच होती. एका गोलला गाठींसकट २८ फूट नवार लागते. नवार ताणली की वेळू आत झुकतात आणि पट्टी मध्ये लोंबते, म्हणून प्रत्येक वेळूला बाहेरच्या बाजूने खुंटी ठोकून दोरीचा ताण द्या. काळ्या मातीत नुसता खड्डा धरत नाही, त्यात खडी भरून पहारीने ठोका. सामन्याआधी पट्टीची उंची मध्यभागी मोजा, कडेला नव्हे. जाळी लावायची नाही, म्हणून चेंडू आणायला प्रत्येक गोलमागे एक मुलगा उभा करा.

फक्की मारू नका. चार कोपऱ्यांवर आणि कडेने दर २० मीटरवर निशाणे रोवली की मैदान तयार. पेनल्टी बॉक्स नाही, मधले वर्तुळही नाही.

नियम आदल्या दिवशी मुलांकडून तासभर खेळून घ्या, नुसते सांगून भागत नाही. चेंडू कडेबाहेर गेला की त्याला जो आधी हात लावेल, त्यानेच तो आत टाकायचा, तोही सरळ काटकोनात. चेंडू जमिनीला टेकल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. त्यामुळे मुले बाहेरच्या चेंडूवर तुटून पडतात. प्रेक्षक कडेपासून किमान तीन मीटर मागे ठेवा. गोलरेषेमागे गेलेला चेंडू कुणाचाही पाय लागून गेलेला असो, बचाव करणाऱ्या संघानेच गोलपासून सहा यार्डांच्या आतून मारायचा. कॉर्नर किक देऊ नका. प्रत्येक गोलनंतर बाजू बदलायच्या. गोल झालाच नसेल तरच मध्यंतराला बदलायच्या.

सगळ्यात जास्त घोळ ऑफसाइडचा, म्हणजे चेंडूच्या पुढे उभे राहण्याच्या नियमाचा होतो. चेंडू मारणाऱ्याच्या पुढे उभ्या असलेल्या सहकाऱ्यापुढे प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू हवेत. आजच्या मुलांना दोघांची सवय असते, म्हणून ते पुढे जाऊन उभे राहतात आणि खेळ दर मिनिटाला अडतो. पासची वाट न पाहता चेंडू पायाशी ठेवून धावायचे आणि बाकीच्यांनी मागून यायचे, हे त्यांच्या अंगवळणी पाडा. वाँडरर्सचे आठ जण आघाडीला होते, इंजिनिअर्सचे सात. ही रचना वेडगळ वाटते, पण या ऑफसाइडखाली तीच चालते.

दोन पंच असतात. रेफरी मैदानाबाहेर उभा राहतो आणि पंचांचे जमले नाही तरच निर्णय देतो.

दोन ठिकाणी इतिहास बाजूला ठेवाच. खांद्याच्या धडकेला परवानगी होती, मुलांना ती देऊ नका. बदली खेळाडूही ठेवा. इंजिनिअर्सच्या क्रेसवेलचे गळपट्टीचे हाड सुरुवातीलाच मोडले आणि बदली नसल्याने तो तसाच खेळत राहिला.

आता फलक. दोन बाय तीन फुटांचा पुठ्ठा घ्या आणि अक्षरे तीन इंची काढा, नाहीतर कडेवरून वाचता येत नाहीत. प्रत्येकावर संघाचे नाव आणि त्याचे काय झाले, एवढेच लिहा. क्वीन्स पार्कने ग्लासगोहून येऊन उपांत्य सामन्यात वाँडरर्सला ०-० रोखले, पण पुन्हा खेळायला लंडनला येण्याइतके पैसे नव्हते. हिचिन आणि क्रिस्टल पॅलेसचा सामना बरोबरीत सुटला आणि दोघेही पुढे गेले, तसा नियमच होता. हॅम्पस्टेड हीदन्सला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली, पुढच्या फेरीत त्यांनी बार्न्सला हरवले, मग इंजिनिअर्सकडून ०-३ हरले आणि या स्पर्धेत परत उतरलेच नाहीत. डोनिंग्टन स्कूल, रीगेट प्रायरी आणि हॅरो चेकर्स एकही सामना न खेळता बाहेर पडले. उरलेले सहा: बार्न्स, सिव्हिल सर्व्हिस, क्लॅपहॅम रोव्हर्स, ग्रेट मार्लो, मेडनहेड, अप्टन पार्क.

नावांवरून हमखास गफलत होते. हा क्रिस्टल पॅलेस म्हणजे १९०५ मध्ये स्थापन झालेला आजचा क्लब नव्हे. अप्टन पार्कचा वेस्ट हॅम या क्लबशी संबंध नाही. वाँडरर्स म्हणजे बोल्टन वाँडरर्सही नव्हेत आणि वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सही नव्हेत. त्यांना स्वतःचे मैदानसुद्धा नव्हते.

धावफलकावर गोल करणाऱ्याचे नाव ‘ए. एच. चेकर’ असे लिहा, त्याखाली लहान अक्षरांत मॉर्टन बेट्स. तो त्या दिवशी याच टोपणनावाने खेळला होता, कारण तो हॅरो चेकर्सचा सदस्य होता.