ऑटोइम्यून हिपॅटायटिसचे रिपोर्ट: या चुका टाळा

ऑटोइम्यून हिपॅटायटिस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर हल्ला करते तो आजार. आईच्या फाइलमध्ये एएनएचे, म्हणजे स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणाऱ्या तपासणीचे, दोन रिपोर्ट आहेत, पंधरा दिवसांच्या अंतराने केलेले. पहिला निगेटिव्ह, दुसरा १:१६० पॉझिटिव्ह (१६० पट पातळ करूनही अँटिबॉडी दिसल्या). पहिला हातात पडला तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला होता. तपासणीची पद्धत बघायची असते हेच माहीत नव्हतं. पहिल्यावर बारीक अक्षरात ‘एलायझा’ होतं, दुसऱ्यावर ‘आयएफए’. एलायझात ठरावीक प्रथिनंच तपासतात, काही अँटिबॉडी निसटतात. आयएफएमध्ये पेशींवर किंवा उंदराच्या यकृत, मूत्रपिंड, जठराच्या कापांवर रुग्णाच्या रक्तातलं सीरम घालून सूक्ष्मदर्शकाखाली चमक पाहतात. यकृतासाठी आयएफए सांगितली असेल, तर तीच करून घ्या.

एकट्या एएनएवर निदान होत नाही. धडधाकट माणसांतही तो थोडाफार पॉझिटिव्ह येतो. सोबत एएसएमए, लहान मुलांत एलकेएम-१ या दुसऱ्या अँटिबॉडीही बघतात. काही रुग्णांत सगळंच निगेटिव्ह येतं. म्हणून बायोप्सीला, म्हणजे यकृताचा बारीक तुकडा काढून तपासण्याला, घाबरून टाळाटाळ करू नका.

सगळ्यात महागात पडते ती पुढची चूक. आम्ही दर तीन महिन्यांनी एएनए करायचो आणि १:१६० हलत नाही म्हणून हवालदिल व्हायचो. मोठ्यांमध्ये उपचार लागू पडतोय का, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. बघायचा तो आयजीजी, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या अँटिबॉडींचं एकूण प्रमाण. आईचा २,४५० होता, लॅबची वरची मर्यादा १,६००. एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल आला त्या दिवशी बाबा म्हणाले, आता गोळ्या बंद. पण आयजीजी तेव्हाही १,८९० होता, म्हणजे आत धुमसतच होतं. एसजीपीटी, त्याच्यासारखंच दुसरं एन्झाइम एसजीओटी आणि आयजीजी तिन्ही आटोक्यात हवेत. आणि तेव्हाही स्टेरॉइड मनानं थांबवायचं नाही, हे मी हात जोडून सांगते. आयजीजी शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये करा.

राहिली गुळवेल. पुण्यात धायरीतल्या शेजारच्या काकू प्रेमानं आणून द्यायच्या, आई रोज उकळून घ्यायची. घरचंच आहे म्हणून डॉक्टरांना कुणी सांगितलं नाही. काही औषधं आणि वनस्पतींमुळेही रक्तात ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखंच चित्र दिसू शकतं. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली आहे. पुढच्या भेटीला मी उरलेल्या कांड्या पिशवीतून घेऊन गेले. डॉक्टरांनी केसपेपरवर सगळ्यात वर तेच लिहिलं.