हद्दीच्या वादावर झिरो एफआयआर
लोकलमध्ये दादर आणि कल्याणच्या दरम्यान गुन्हा घडला, की ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर ऐकत पीडिताने पोलीस ठाणी पालथी घालण्याचे कारण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी, जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते. हद्द न पाहता नोंदवून नंतर योग्य ठाण्याकडे पाठवल्या जाणाऱ्या अशा एफआयआरला झिरो एफआयआर म्हणतात. तेथे ‘झिरो एफआयआर नोंदवा’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे आणि तिची प्रत विनामूल्य मागून घ्यावी. नकार मिळालाच, तर तक्रार परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना टपालाने पाठवावी व पावती जपावी, कारण पुढे दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करताना तीच कामी येते. खबर ऑनलाइन दिली असल्यास मात्र तीन दिवसांच्या आत सही करणे आवश्यक असते.