फोकस स्टॅकिंगसाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

फोकस स्टॅकिंग म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेले अनेक फोटो (फ्रेम) जोडून सगळीकडे स्पष्ट असा एकच फोटो बनवणं. त्यासाठी आधी विषय पाहा, मग सॉफ्टवेअर. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेतली पिठ्या ढेकूण ही कीड घ्या: अंगावर मेणाचे बारीक तंतू, एकावर एक आलेले पाय. इथे झिरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरची पीमॅक्स किंवा हेलिकॉन फोकस या दुसऱ्या सॉफ्टवेअरची 'सी' पद्धत लावा. तंतू सुटे राहतात, पण नॉइज (दाणेदारपणा) आणि कॉन्ट्रास्ट वाढतो, म्हणून कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, कमीच ठेवा. द्राक्षाच्या मण्यासारख्या गुळगुळीत पृष्ठभागाला झिरीनची डीमॅप किंवा हेलिकॉनची 'बी' पद्धत बरी. रंग खरे राहतात, मात्र कडांभोवती धूसर वलय येऊ शकतं. बऱ्याचदा दोन्ही निकाल काढावे लागतात आणि डीमॅपवर पीमॅक्समधले तंतू ब्रशने उतरवावे लागतात. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये असं रिटचिंग करता येतं का, हे खरेदीपूर्वी तपासा.

फोटोशॉप आधीच असेल तर ८-१० फ्रेमपुरतं चालेल: ऑटो-अलाइन, मग ऑटो-ब्लेंडमध्ये 'स्टॅक इमेजेस'. केसाळ किड्यांवर मात्र ते अडखळतं. फुकट हवं असेल तर ह्युजिन या पॅनोरमा जोडणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरसोबत येणारं, कमांड टाइप करून चालवायचं एन्फ्यूज. त्यात सेटिंग अशी: एक्स्पोजर आणि सॅच्युरेशन वेट ०, कॉन्ट्रास्ट वेट १, हार्ड मास्क चालू. कमांड टाइप करायचा कंटाळा असेल तर नादी लागू नका.

संगणकही बघा. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची १६ बिट टिफ फाइल सुमारे १४४ एमबीची. अशा ६० फ्रेम म्हणजे साडेआठ जीबी, तेवढं संगणकाला पेलायला हवं.

चाचणी आवृत्तीत स्वतःचाच स्टॅक चालवा, १०० टक्के झूम करून कडा पाहा. वाऱ्याने हललेलं पान कुठलंच सॉफ्टवेअर सावरत नाही.