सबवूफर अॅम्पला जोडण्याआधी ओहमचा हिशोब करून घ्या

गाडीसाठी नवीन सब (सबवूफर, म्हणजे बास वाजवणारा मोठा स्पीकर) आणि त्याला पॉवर देणारा अॅम्प हातात आला की कधी एकदा जोडतोय आणि वाजवतोय असं होतं, मलाही होतं, पण वायर लावायच्या आधी दहा मिनिटं ओहमच्या हिशोबाला द्याच.

आधी मूळ मुद्दा. ओहम म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप. अॅम्पसाठी सबचे ओहम म्हणजे लोड, आणि ओहम जितके कमी तितका करंट जास्त खेचला जातो. समजा अॅम्प २० व्होल्ट आउटपुट देतोय, तर ४ ओहमवर ५ अँपिअर जातात म्हणजे १०० वॉट, २ ओहमवर १० अँपिअर म्हणजे २०० वॉट आणि १ ओहमवर २० अँपिअर, ४०० वॉट. कागदावर भारी वाटतं, पण तो सगळा करंट अॅम्पच्या आतल्या ट्रान्झिस्टरमधून जातो आणि करंट वाढला की तिथली उष्णताही वाढते. म्हणून प्रत्येक अॅम्पला किमान ओहमची मर्यादा असते, मॅन्युअलमधे किंवा बॉडीवर लिहिलेली असते, १ ओहम स्टेबल, २ ओहम मिनिमम असं काहीतरी. त्याच्या खाली जायचं नाही. वर गेलात तर काही बिघडत नाही, फक्त पॉवर कमी मिळते.

आता सबकडे बघा. कॉइल म्हणजे सबच्या आतली तारेची गुंडाळी. वायर जोडायची दोनच टर्मिनल असतील तर सिंगल कॉइल, चार असतील तर ड्युअल कॉइल. ड्युअल ४ ओहम लिहिलंय म्हणजे प्रत्येक कॉइल ४ ची आहे, दोन्ही मिळून ४ नव्हे, इथे बरेच जण फसतात.

जोडायच्या पद्धती दोन. सिरीजमधे ओहमची बेरीज होते: अॅम्पचा प्लस पहिल्या कॉइलच्या प्लसला, पहिल्या कॉइलच्या मायनसवरून एक जंपर (छोटी जोडवायर) दुसऱ्या कॉइलच्या प्लसला, आणि दुसऱ्या कॉइलचा मायनस परत अॅम्पच्या मायनसला. पॅरललमधे दोन्ही प्लस एकत्र, दोन्ही मायनस एकत्र, आणि कॉइल सारख्याच असतील तर ओहमला कॉइलच्या संख्येने भागायचं. म्हणजे एक ड्युअल ४ चा सब एकतर ८ होतो नाहीतर २, मधलं ४ त्यातून निघतच नाही. ड्युअल २ चा सब ४ होतो किंवा १. एकच कॉइल जोडून दुसरी मोकळी सोडली तर जमेल असं वाटतं, पण मग सबची पॉवर झेलायची ताकद साधारण निम्मी होते, ते करू नका.

दोन सारखे सब असतील तर हिशोब थोडा वाढतो. दोन ड्युअल ४, सगळं पॅरलल केलं तर १ ओहम, प्रत्येक सबच्या कॉइल सिरीजमधे आणि मग दोन सब पॅरलल केले तर ४. दोन ड्युअल २ असेच सिरीज-पॅरलल केले तर २ ओहम, पण सगळे पॅरलल केले तर अर्धा ओहम आणि बहुतेक अॅम्प तिथे मान टाकतात. म्हणून आधी अॅम्पची मर्यादा बघा, मग सब कुठला घ्यायचा ते ठरवा, उलटं नको. आणि एकाच अॅम्पवर वेगवेगळ्या ओहमचे सब तर मिसळूच नका, पॉवर सारखी वाटली जात नाही.

ब्रिजिंगबद्दल जरा थांबून सांगतो कारण माझी चूक इथेच झालेली. ब्रिजिंग म्हणजे अॅम्पचे दोन चॅनल (दोन वेगळे आउटपुट) एकत्र करून एकच सब चालवणं. दोन चॅनलचा अॅम्प ब्रिज केला की प्रत्येक चॅनलला लोड निम्माच दिसतो, म्हणजे ४ ओहमचा सब लावला तर प्रत्येक चॅनलला २. माझ्या अॅम्पची मर्यादा एका चॅनलला किमान २ ओहम होती पण ब्रिजमधे किमान ४, आणि मी नुसतं २ वाचून ड्युअल ४ चा सब पॅरलल करून ब्रिजवर लावला. पंधरा-वीस मिनिटं मस्त वाजला, मग प्रोटेक्टची, म्हणजे अॅम्प स्वतःला वाचवायला बंद पडल्याची, लाल लाइट लागली, हात लावला तर हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाला) हात ठेववेना. मला वाटलं अॅम्पच खराब निघाला. जंपर बदलून सब सिरीजमधे ८ वर आणला, आवाज थोडा कमी झाला पण परत कधी बंद पडला नाही.

मोनो, म्हणजे एकाच चॅनलच्या, अॅम्पला कधी कधी स्पीकरच्या दोन जोड्या दिलेल्या असतात, त्या बहुतेक अॅम्पमधे आतून पॅरललच असतात. दोन जोड्यांना दोन सब लावले म्हणजे दोघांना वेगळा चॅनल मिळाला असं समजू नका, हिशोब पॅरललचाच धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मीटर. वायरिंग पूर्ण झाली की अॅम्पकडची टोकं अॅम्पला न लावता मल्टीमीटर २०० ओहमवर ठेवून मोजा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा, जो ०.२ किंवा ०.३ येईल तो नंतर वजा करा. कोन, म्हणजे सबचा पुढचा हलणारा भाग, हलू देऊ नका, नाहीतर आकडा नाचत राहतो. ४ ओहमला साधारण ३.२ ते ३.८ दिसेल आणि २ ओहमला १.६ ते १.९, घाबरू नका, मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतं आणि तो लिहिलेल्या ओहमपेक्षा थोडा कमीच असतो. शून्याजवळ आला तर कुठेतरी तारेचा एखादा केस दुसऱ्या टर्मिनलला टेकलाय, आणि काहीच दाखवलं नाही तर जंपर सुटलाय.

पण एक गोष्ट मीटर सांगत नाही, ती म्हणजे एखादी कॉइल उलटी जोडली गेली असेल तर, कारण ओहम तेवढेच दिसतात. त्यासाठी दीड व्होल्टचा सेल घ्या, वायरच्या प्लसला सेलचा प्लस, मायनसला मायनस, क्षणभरच टेकवा. कोन बाहेर आला पाहिजे. हललाच नाही तर दोन कॉइल एकमेकींच्या विरुद्ध ओढतायत, आणि दोन सबपैकी एक बाहेर आणि एक आत गेला तर बास गायब होणार.

वॉटच्या मोहापायी उगाच १ ओहमवर जाऊ नका हेही सांगतो. पॉवर दुप्पट झाली तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो, आणि तेवढ्यासाठी जाड पॉवर वायर, बॅटरीजवळ योग्य फ्यूज, तितकंच चांगलं अर्थिंग हे सगळं लागतं. माझा अॅम्प १ ओहम स्टेबल असता तरी मी रोजच्या वापराला २ वरच ठेवला असता. पहिल्यांदा चालू कराल तेव्हा गेन (अॅम्पवरचा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) कमी ठेवा, अर्धा तास वाजवा आणि मधेमधे हीटसिंकला हात लावून बघत रहा. कोमट लागला तर ठीक, हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा आणि ओहम परत मोजा.