नोकरीच्या अर्जात वय, जात, लग्न आणि वाडी: काय लिहावे, काय वगळावे

आपल्याकडे ‘बायोडाटा’ हा एकच शब्द लग्नासाठीही चालतो आणि नोकरीसाठीही, आणि कितीतरी चांगल्या अर्जांचे नुकसान तिथूनच सुरू होते. गावातल्या वाचनालयात मी काही वर्षांपासून नोकरी शोधणाऱ्यांचे अर्ज तपासून देते. मागच्या पावसाळ्यात संगमेश्वरकडच्या एक ताई चिपळूणमधील हिशेबनीसाच्या जागेसाठी दोन पानी बायोडाटा घेऊन आल्या. पहिल्या पानावर पतीचे नाव, जन्मतारीख, वय ४७, धर्म, जात, पोटजात, उंची, रक्तगट, दोन मुलांची वये आणि सासरचा पूर्ण पत्ता होता. पतसंस्थेत अकरा वर्षे रोजकीर्द आणि खतावणी सांभाळली, लेखापरीक्षणाची कागदपत्रे स्वतः तयार केली, टॅली येते, हे सगळे दुसऱ्या पानाच्या तळाशी दोन ओळींत उरकलेले होते. अर्ज चाळणारा माणूस तिथपर्यंत पोहोचण्याआधीच ‘सत्तेचाळीस, दोन मुले, लांबचे गाव’ एवढे मनाशी ठरवून मोकळा होतो.

म्हणून अर्ज लिहायला बसताना आधी नोकरी कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे, कारण वैयक्तिक माहितीचे नियम त्यावरच ठरतात. सरकारी भरतीत छापील किंवा ऑनलाइन नमुन्यात जे विचारले असेल ते सर्व भरावे, काहीही वगळू नये. तिथे वय हीच पात्रता असते. राज्य शासनाच्या २०१६ च्या निर्णयानुसार सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गासाठी कमाल ३८ आणि मागास प्रवर्गासाठी ४३ वर्षे धरली जातात, मात्र पदानुसार फरक पडतो, त्यामुळे जाहिरातीतील मर्यादा आणि वय कोणत्या तारखेला मोजले जाणार ती तारीख वाचूनच अर्ज करावा. आरक्षणाचा लाभ घ्यायचा असल्यास जात लिहावीच लागते, आणि नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच असावे.

खाजगी नोकरीचे तसे नाही. अमेरिकेत ४० आणि त्यापुढील वयाच्या उमेदवारांना वयाच्या कारणाने डावलू नये यासाठी १९६७ पासून कायदा आहे. आपल्याकडे खाजगी भरतीत वयावरून होणाऱ्या भेदभावाला रोखणारा असा सर्वसाधारण कायदा नाही. संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदात धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांची नावे आहेत, पण तो अनुच्छेद सरकारी नोकरीपुरता आहे आणि त्यात वयाचा उल्लेख नाही. तेव्हा काळजी उमेदवारालाच घ्यावी लागते. खाजगी नोकरीच्या रेझ्युमेतून जन्मतारीख, वय, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, आईवडिलांचा किंवा पतीचा व्यवसाय, मुले, उंची, वजन आणि रक्तगट काढून टाकावेत. आधार, पॅन आणि बँक खात्याचे क्रमांक तर कधीच लिहू नयेत, कारण तो कागद व्हॉट्सॲपवर किती हातांतून फिरेल ते आपल्या हाती राहत नाही. ओळखपत्र निवड झाल्यावर द्यावे, आणि तेव्हाही चालत असेल तर शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार द्यावे.

जन्मतारीख खोडली म्हणजे वय झाकले, असे मात्र होत नाही. दहावीचे साल शाबूत असले की कोणीही त्यात सोळा वजा करून जन्मसाल काढतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसाने बोर्डाचे नाव ‘कोल्हापूर’ लिहिले, तर तो कोकण मंडळ वेगळे होण्याआधीचा, हे जाणकाराला लगेच कळते. ईमेलच्या पत्त्यात नावापुढे १९७८ असले की उरलेले कामही होते. पदवी असेल तर दहावी-बारावीच्या ओळी काढाव्यात, पदवीचे साल द्यायलाच हवे असे नाही, नवा साधा ईमेल उघडावा आणि अनुभव साधारण गेल्या दहा-पंधरा वर्षांचाच तपशिलाने लिहावा. त्याआधीचे काम अर्ज केलेल्या जागेशी जुळत असेल तर ‘पूर्वीचा अनुभव’ म्हणून साल न घालता एका ओळीत येऊ द्यावे. मुंबईत आयुष्य काढून पन्नाशीत गावी परतलेल्या चाकरमान्यांना हे फार उपयोगी पडते. ‘२८ वर्षांचा अनुभव’ हे शब्द त्यांना अभिमानाचे वाटतात, वाटायलाच हवेत, पण पहिल्या ओळीत ते वयाचा दाखलाच होऊन बसतात.

पत्त्याबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण इथे कोकणाची गोष्ट वेगळी आहे. आपण सवयीने ‘मु. पो.’ लिहून पुढे वाडीचे नाव घालतो, आणि आपल्याकडच्या अनेक वाड्यांची नावे जातीवरून पडलेली आहेत. जातीचा रकाना काढून टाकला तरी पत्त्यातली वाडी जात सांगतेच. वस्त्यांची अशी नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तरी जुनी नावे लोकांच्या तोंडी आणि कागदांवर अजून आहेत. खाजगी अर्जात गाव आणि तालुका एवढाच पत्ता पुरेसा आहे. पूर्ण पत्ता नेमणूकपत्राच्या वेळी देता येतो. मालकाला खरोखर जाणून घ्यायचे असते ते एवढेच, की मुसळधार पावसात, एसटी चुकली तरी हा माणूस वेळेवर येईल का. ते न विचारता सांगावे: ‘स्वतःची दुचाकी आहे, रोज ये-जा करू शकते.’ वैयक्तिक माहितीतली ही एक ओळ आवर्जून ठेवण्यासारखी आहे.

स्त्रियांच्या बाबतीत नावाचा प्रश्न उरतो. प्रमाणपत्रे माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने असेल, तर रेझ्युमेवर सध्याच्या ओळखपत्रावरचे नाव लिहावे आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र तयार ठेवावे. अर्जात खुलासा करत बसू नये. मुलांसाठी नोकरी सोडली असेल तर ‘२०१९ ते २०२३ कौटुंबिक जबाबदारी’ एवढी एक ओळ पुरते, आणि चिपळूणच्या जुलै २०२१ च्या पुरात दुकान गेले असेल तर तेही तसेच सरळ लिहावे.

काही कामांत मात्र हीच माहिती मागितली जाते आणि ती द्यावी. खाजगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्यानुसार सुरक्षारक्षकाचे वय १८ पूर्ण आणि ६५ च्या आत हवे, शिवाय शारीरिक निकष असतात. धोकादायक प्रक्रियेच्या रासायनिक कारखान्यात १८ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही, त्यामुळे लोट्यासारख्या औद्योगिक वसाहतीत वयाचा दाखला मागतात. जहाजावर जाणाऱ्या आपल्या मुलांच्या अर्जात जन्मतारीख, सीडीसी (खलाशाचे सेवापुस्तक) आणि इंडोस (खलाशांच्या राष्ट्रीय नोंदणीचा) क्रमांक, जवळच्या नातेवाइकाचे नाव लागते, आणि आखातातल्या नोकऱ्यांसाठी फोटो, राष्ट्रीयत्व, वैवाहिक स्थिती लिहिण्याची पद्धत आहे. पण पासपोर्टची प्रत देण्याआधी एजंट नोंदणीकृत आहे का, हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. जहाजाच्या एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो. फोटो इतर ठिकाणी नकोच. हॉटेलच्या स्वागतकक्षासाठी मागितला तरच द्यावा.

न सांगणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे, हा भेद काटेकोरपणे पाळावा. जन्मतारीख दोन-चार वर्षे पुढे ढकलून लिहिली, तर भविष्य निर्वाह निधीच्या खात्यासाठी ती आधारशी ताडून पाहिली जाते तेव्हा ते उघड होते, आणि हाती आलेली नोकरी जाऊ शकते. मुलाखतीत वय विचारले तर खरे वय एका वाक्यात सांगून लगेच कामाकडे वळावे: ‘मी ४७ वर्षांची आहे, गेली तीन वर्षे जीएसटीची विवरणपत्रे मीच भरते.’

त्या ताईंचा अर्ज आम्ही एका पानात बसवला. वर नाव, मोबाइल, ईमेल आणि ‘संगमेश्वर तालुका, चिपळूणला रोज ये-जा करण्याची तयारी’. त्याखाली लगेच: ‘पतसंस्थेत रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद, सलग अकरा लेखापरीक्षणांची कागदपत्रे तयार केली, टॅली आणि एक्सेलवर काम.’ मुलांची वये खोडताना त्यांचा हात क्षणभर थांबला, मग त्यांनी स्वतःच रेघ ओढली आणि त्या जागी कर्जवसुलीच्या नोंदी ठेवल्याचे लिहिले, जे मूळ बायोडाटात कुठेच नव्हते.