गल्लीतल्या आबांचा सत्कार करायचाय? मग आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा

आमच्या पेठेत झालेल्या दोन-तीन सत्कारांत खुर्च्या लावण्यापासून मानपत्र लिहिण्यापर्यंत सगळं केलंय मी, आणि त्यातल्या एकाची रुखरुख अजून जात नाही. ज्या आबांनी चाळीस वर्षं पोरांना फुकट लेझीम आणि पोवाडा शिकवला, सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, कुणाला रक्त लागलं की रात्री दोनला दारं वाजवून माणसं उठवली, त्या आबांच्या हातात माईक आला तेव्हा साडेनऊ वाजून गेलेले. त्याआधी सात भाषणं झालेली. दहाला स्पीकर बंद करायचा म्हणून माईकवाला वायरी गुंडाळायला लागलेला, आबा दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. तुमच्याकडं असं होऊ नये म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी त्यांना विचारा. सरप्राईज नको, या वयात बीपी-शुगरच्या गोळ्यांच्या वेळा असतात, रात्रीचं दिसत नाही, जिना चढवत नाही. घरच्यांशी पण बोला, विशेषतः काकींशी, कारण आबा बाहेर समाजासाठी पळत होते तेव्हा घर त्यांनीच ओढलंय, स्टेजवर खुर्ची दोघांची पाहिजे. पंचाहत्तरी असेल तर अमृतमहोत्सव सगळ्यांना माहिती आहे, पण सहस्रचंद्रदर्शनाला लोक गोंधळतात. वर्षाला साधारण १२.३७ पौर्णिमा धरल्या तर हजार पौर्णिमा व्हायला ८० वर्षं १० महिने लागतात, म्हणून ते ८१ व्या वर्षात करतात. बाकी निमित्त नसलं तरी चालतंय की, थांबू नका एवढंच.

आता खरं काम, आणि याला निदान दोन महिने द्या. त्यांच्या घरी जाऊन रेकॉर्डिंग करा. मोबाईल पुरतो, फक्त पंखा बंद करा आणि फोन जवळ ठेवा. आयुष्याबद्दल सांगा म्हटलं की ते "काय नाही रे, केलं जमेल तेवढं" म्हणून विषय संपवतात, म्हणून नेमकं विचारायचं, पहिला पोवाडा कुणाकडनं शिकला, डफ कुठनं आणला, २००५ च्या पुरात कुठं होता, २०१९ ला कुठं होता. जुने फोटो समोर ठेवले की माणूस आपोआप बोलायला लागतो, आणि फोटोत कोण कोण आहे ते तिथल्या तिथं लिहून घ्या, कारण ती नावं सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नसतं. एका बैठकीला एक तास बास. आवाज आहे तोवर म्हणून घ्या सगळं, चालीसकट, कागदावर चाल उतरत नाही.

मानपत्र यातनंच लिहायचं. समाजभूषण, कलातपस्वी असले शब्द कुणालाही चिकटवता येतात. त्यापेक्षा असं लिहा, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असताना राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आबांनी तालमीत चूल पेटवली आणि पाणी उतरेपर्यंत विझू दिली नाही. हे वाचताना आमच्या इथं बायका रडल्या. एक पान बास, अक्षर मोठं, म्हणजे ते घरी स्वतः वाचू शकतील.

हॉलचं म्हणाल तर दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन सगळ्यांना सोयीचं, पण बुकिंग लवकर करा, २६ जून म्हणजे शाहू जयंतीच्या आसपास तर विचारूच नका. चौकात घेणार असाल तर स्पीकरचा परवाना पोलीस स्टेशनातनं आधीच काढा. फेटा, शाल, श्रीफळ हे हवंच, कोल्हापुरात फेट्याशिवाय सत्कार कसला. हार-गुच्छांऐवजी वह्या आणायला सांगा, आबांच्या वजनाइतक्या वह्यांची वहीतुला करता येते, एक वही दोनशे ग्रॅमची धरली तर साठ किलोला तीनशे वह्या होतात आणि त्या शाळेत जातात. तराजूत बसायचं नको वाटत असेल तर आग्रह करू नका, काट्यावर वजन करून तेवढ्या वह्या मोजल्या तरी झालं.

भाषणं दोनच ठेवा. पाहुण्यांच्या आधी ज्यांचं आबांनी केलंय त्यांना बोलवा, ज्याला रक्त मिळालं तो, जी पोरगी आज स्वतः शाहिरी करते ती. आणि आबांचं बोलणं मध्यावर ठेवा, शेवटी अजिबात नाही.

थैली द्यायची असेल तर बंद पाकिटात, आकडा माईकवर सांगायचा नाही. कलावंत असतील आणि परिस्थिती बेताची असेल तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंत मानधन योजना आहे, महिन्याला ५,००० रुपये मिळतात, पण कार्यक्रमांचे पुरावे लागतात, तुम्ही जमवलेले फोटो आणि कात्रणं इथंच कामाला येतात. पद्म पुरस्कारासाठीही कुणीही नागरिक नाव सुचवू शकतो, राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ८०० शब्दांपर्यंत काम लिहायचं असतं, मुदत तेवढी दरवर्षी बघून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघा-तिघांनी आबांच्या घरी जायचं. हार काढून ठेवायचे, मानपत्राला खिळा मारून द्यायचा, चहा घ्यायचा आणि राहिलेला पोवाडा रेकॉर्ड करायचा.